हिरव्या इंजिनाचा डाख

धारगळ, पेडणे
७ जून १९८७

गं. भा. सुलोचनावहिनी यांस,
कृष्णनाथचा सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात गोवा राज्य झालं. आमच्याकडे हायवेवर फटाके वाजले, पेढे वाटले. तुमच्या सर्वणलाही वाटले असतील.

मुद्द्यावर येतो. दादूला जाऊन सहा महिने होत आले. माझ्या भावाने आयुष्यभर जमवलेली सात इंजिनं तुमच्या कपाटात पडून आहेत. ती खेळणी नव्हेत. त्यांत पाणी भरतात, खाली स्पिरिटचा दिवा लावतात, खरी वाफ धरते आणि मग ती रुळावरून पळतात. हातभर लांब असली तरी बॉयलर तो बॉयलर. बाईमाणसाच्या एकटीच्या घरात असली वस्तू राहणं बरं नव्हे.

मला सातही नकोत. बेळगावच्या फोटोग्राफरकडचं, वास्कोच्या बोटीवरल्या माणसाने आणलेलं जर्मन, मुंबईच्या जुन्या बाजारातली चार, ही सहा खुशाल ठेवा. मला फक्त हिरवं द्या, खाणीवरचा परदेशी इंजिनियर जाताना दादूला देऊन गेला ते. हिरवं तुझं, असा शब्द दादूने मला दिला होता. पुढच्या रविवारी न्यायला येतो. पाणी काढून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवा. तोवर ते पेटवू नये.

डिसेंबरात मी वेळेवर पोचलो नाही म्हणून तुम्ही राग धरून आहात, असं आमची ही म्हणते. भाषेच्या भांडणात रस्ते बंद होते, झाडं आडवी टाकलेली होती. यात माझा दोष काय ते मला समजत नाही.

आपला,
कृष्णनाथ च्यारी


सर्वण, डिचोली
१५ जून १९८७

कृष्णनाथभाऊजी यांस,
आशीर्वाद. तुम्ही धाकटे दीर, तेव्हा लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला.

पहिली गोष्ट. माझ्या नावाआधी गं. भा. लिहू नका. माझा नवरा गेला हे मला पाकिटावर वाचायची गरज नाही, आणि पोस्टमनलाही नाही.

रस्ते बंद होते म्हणता. शिरगावच्या वर्कशॉपातले यांचे जुने फिटर, गुडघ्यांनी गेलेले म्हातारे, त्या आडव्या झाडांवरून चढून आले. तुम्ही तेराव्याला आलात, दोनदा भात घेतलात आणि मग उघड्या कपाटासमोर उभं राहून बोटाने इंजिनं मोजलीत. मी जनेलाच्या गजांतून बघत होते.

शब्द कधी दिला हो यांनी? १९७८ साली हिरव्याचा बॉयलर गळायला लागला, तो तुमच्याकडे दुरुस्तीला दिला. तुम्ही तो करून आणलात, आणि त्यानंतर नऊ वर्षांत त्या इंजिनाला बोट लावलं नाहीत. पुसायला सांगितलं तरी तुम्ही जर्मन घेऊन बसायचात. आणि आता एकदम तेच हवं?

बाईमाणूस म्हणालात ते बरं झालं, मनातलं कळलं. शेवटची चार वर्षं यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. बॉयलरच्या काचेतली पाण्याची रेघ यांना दिसत नव्हती. ती बघत होते मी. वात कापत होते मी. आमच्या विहिरीचं पाणी खाणीमुळे लाल, ते आत घातलं तर पोपडे धरतात, म्हणून पावसाचं पाणी सात पदरी गाळून बरण्यांत भरत होते मी. हे नुसते कान लावून बसायचे. माझा बाप पेडण्याला सोनारकाम करायचा. सात वर्षांची होते तेव्हापासून त्याच्या शेगडीवर नळी फुंकली आहे. मला आग शिकवू नका.

रविवारी येऊ नका. फाटकाला कुलूप असेल.

सुलोचना


धारगळ
२ जुलै १९८७

सौ. म्हणता येत नाही, गं. भा. म्हणू देत नाही, तेव्हा नुसतं सुलोचनावहिनी यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी खरोखरच आलो होतो. कुलूप बघून परत गेलो. सख्ख्या दिराला फाटकाबाहेर उभा करणारी घरं पूर्वी आमच्या नात्यात नव्हती.

तुम्हाला शब्दाची किंमत नसेल तर कायद्याने बोलू. दादूला मूलबाळ नाही. आपल्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कायदा चालतो, तो तुम्हाला म्हापशाचा कुठलाही वकील समजावून सांगेल. अर्धं तुमचं. दादूच्या अर्ध्यात भावाचा हक्क येतो. मी वाटणीचा इन्वेंतार घातला की कोर्टाचा माणूस येऊन घरातल्या एकेका वस्तूची यादी करील, तुमच्या कढया-पातेल्यांसकट. ते शोभेल का, याचा तुम्हीच विचार करा.

हिरवं इंजिन मुकाट्याने द्या, मी कायद्याचं नाव काढणार नाही. लिहून देतो हवं तर. आणि परत एकदा बजावतो, यंदा खंडेनवमीला दरसालसारखी बाकीची चालवा, हिरवं चालवू नका. त्या वस्तूवर वाद आहे. वादातली वस्तू वापरायची नसते.

कृष्णनाथ


सर्वण
२६ जुलै १९८७

भाऊजी,

घाला इन्वेंतार. कोर्टाच्या माणसाला चहा करीन. सात इंजिनं आणि वाटण्या दोन, म्हणजे प्रत्येकी साडेतीन. हिरवं मधोमध करवतीने कापा, चिमणीकडचा भाग तुमचा.

तुमच्या धमकीने एक झालं. मी यांची वही काढून बसले. प्रत्येक नवमीला कुठलं इंजिन एका भरण्यात किती फेऱ्या मारतं ते यांनी लिहून ठेवलंय, तुम्हाला ठाऊक आहे. हिरव्याचं पान उघडलं. १९७७ ला तीन डबे ओढून एक्केचाळीस फेऱ्या. १९७८ ला डबा एकही नाही आणि फेऱ्या तेरा. पुढे दरवर्षी तेरा, बारा, चौदा. शेजारी यांच्या अक्षरात, "आदलो दम ना." आधीचा दम राहिला नाही. नऊ वेळा तेच लिहिलंय. शेवटची अक्षरं एकमेकांवर चढलीत, कारण दिसत नव्हतं.

मला राहवलं नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह खोलला. जास्त झालेली वाफ सोडायची ती झडप, तिच्यात पन्नास पौंडांची स्प्रिंग असायची. आत निघाली केसाएवढी बारीक तार. पंधरा पौंड झाले की सगळी वाफ बाहेर. मग गाडीला दम येणार कुठून?

१९७८ साली ते इंजिन एकाच माणसाच्या घरी गेलं होतं. तुम्ही मुद्दाम केलंत. भावाचं सगळ्यांत चांगलं इंजिन लंगडं करून ठेवायचं, म्हणजे एक दिवस तो कंटाळून म्हणेल, ने बाबा तुला. यांनी ते कधी म्हटलं नाही, म्हणून आता तुम्ही मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालता.

यांच्या हाताखाली शिकलेला बाबली आहे ना शिरगावला, त्याच्याकडून पन्नासाची स्प्रिंग करून आणली आणि बसवली. एक ऑक्टोबरला खंडेनवमी. हत्यारांची पूजा झाली की अंगणात रूळ मांडणार, वाड्यावरची पोरं नेहमीसारखी भोवती बसणार, आणि हिरवं तीन डबे ओढणार. तुम्ही या किंवा नका येऊ.

सुलोचना


धारगळ
३ ऑगस्ट १९८७

वहिनी,

पेटवू नका. हे पत्र वाचून होईपर्यंत दुसरं काही करू नका.

दादूने मला शब्द दिला नव्हता. ते खोटं. इन्वेंतारही मी घालणार नव्हतो, वकिलाकडे गेलोच नाही. मला ते इंजिन तुमच्या घरातून काढायचं होतं, एवढंच.

१९७८ ला बॉयलरचा मागचा सांधा गळत होता. दादूने इंजिनाबरोबर चांदी पाठवली होती. सांधा जोडायला चांदीचाच डाख घाल म्हणाला, वाफेचं काम आहे. मी घालायला गेलो. तांबं तापवताना एकदा चांदी वाहून गेली. दुसऱ्यांदा आच जास्त झाली आणि पत्रा कडेला लवला. तिसऱ्यांदा नळी उचलली आणि परत खाली ठेवली. मी च्यारी, माझा बाप च्यारी, आजा च्यारी, धारगळात माझ्या दारावर तांब्यापितळेच्या कामाची पाटी आहे. दादूला कुठल्या तोंडाने सांगणार, की मला जमत नाही? मी कथिलाचा डाख घातला, घासला, वरून हिरवा रंग मारला.

कथिल वाफेच्या उष्णतेने मऊ पडतं. हे मला माहीत होतं. म्हणून बारीक स्प्रिंग घातली, म्हणजे प्रेशर चढणारच नाही आणि सांधा कसाबसा धरेल. तुम्ही म्हणता तसं लंगडं मीच केलं, पण ते घेण्यासाठी नव्हे. तुम्ही आता पन्नासाची स्प्रिंग बसवलीत. वहिनी, तो सांधा पन्नासावर धरणार नाही. फुटेल, आणि मागच्या बाजूला फुटेल, जिथे चालवणारा बसतो.

दादूची चांदी मी वापरली नाही की विकली नाही. याच पाकिटात रजिस्टर करून पाठवतो आहे.

कृष्णनाथ


सर्वण
३० ऑगस्ट १९८७

भाऊजी,

चांदी मिळाली. चतुर्थीच्या गडबडीत उत्तर राहिलं, आणि खरं म्हणजे द्यावंसं वाटत नव्हतं.

जूनमध्ये यांनी तुम्हाला शब्द दिला होता. जुलैत पोर्तुगीज कायदा निघाला. ऑगस्टात कथिलाचा डाख. सप्टेंबरात काय पाठवणार आहात, इंजिनात भूत आहे म्हणून? शब्द खोटा होता हे आता स्वतःच लिहिता, कायदा खोटा होता तेही लिहिता. मग तिसरं तेवढं खरं मानायला मी काय दूधपिती आहे?

बाईला भीती घातली की ती वस्तू टाकून देते, असं तुम्हाला वाटतं. यांची चांदी नऊ वर्षं घरात दाबून ठेवलेला माणूस, ती परत पाठवून साव होत नाही. वर रडगाणं, म्हणे मला जमलं नाही. हिरवं एक तारखेला चालणार.

सुलोचना


धारगळ
४ सप्टेंबर १९८७

वहिनी,

माझ्यावर विश्वास ठेवू नका. बरोबर आहे, मी ठेवला नसता. पण बाबलीकडून हातपंप आणा. बॉयलरमध्ये काठोकाठ थंड पाणी भरा, पंप लावा आणि दाबत जा. आग लावू नका. थंड पाण्याने फुटलं तर नुसतं पाणी उडतं, कुणाला भाजत नाही. शंभर पौंडांना टिकलं तर मला चार माणसांत खोटारडा म्हणा, मी मान खाली घालून ऐकून घेईन.

एवढं करा. मी आणखी काही मागत नाही.

कृष्णनाथ


सर्वण
१६ सप्टेंबर १९८७

कृष्णनाथ,

भाऊजी लिहायला हात होत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

पंप आणला. तुमच्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे. हे म्हणायचे, एखाद्या इंजिनाबद्दल कुणी एक वाईट शब्द बोललं, वैरी का बोलेना, की ते आधी थंड पाण्यावर घ्यायचं. म्हणून घेतलं. बाबली दांडा दाबत होता, मी काटा बघत होते. पस्तीसला मागचा सांधा बोटभर उघडला. पाणी माझ्या पदरावरून जाऊन भिंतीवर आपटलं. थंड पाणी.

तुमचं खरं निघालं. झालं समाधान?

त्या दिवसापासून मी दुसरं काही करत नाही, नुसती मोजते आहे. अठ्ठ्याहत्तर ते शहाऐंशी, नऊ नवम्या. नऊही नवम्यांना तुम्ही आला होतात. नवी धोतरजोडी, आंबाड्याचं सासव खाणार, पोरांना खाऊ वाटणार. हिरव्याखाली दिवा लागला की तुम्ही उठून फाटकाकडे जायचात, बिडी ओढायला. मी यांना म्हणायचे, तुमच्या भावाला तुमचं कौतुक बघवत नाही. हे मलाच रागवायचे. म्हणायचे, "तशें न्हय गो, धूर पोरांना लागू नये म्हणून तो लांब जातो."

तुम्ही लांब जायचात, कारण तुम्हाला ठाऊक होतं. यांना ठाऊक नव्हतं. यांना दिसत नव्हतं म्हणून हे कान त्या मागच्या सांध्यापाशी नेऊन ऐकायचे, आधीचा दम कुठे गेला ते. वीतभर अंतर असेल. वाड्यावरची पोरं यांच्या मांडीवर, पाठीवर. मी काचेला डोळा लावून. आणि तुम्ही फाटकाशी उभे, आमच्याकडे पाठ करून.

स्प्रिंग बारीक घातली होती म्हणून सांगू नका. पाणी संपत आलं असतं, एखादे वेळी स्प्रिंग अडकली असती, तर? तुम्ही च्यारी आहात, तुम्हाला मी काय सांगणार. तुम्हाला धारगळच्या दारावरची पाटी यांच्या तोंडापेक्षा मोठी वाटली. हे म्हणाले असते, नाही जमलं तर नाही जमलं, दुसरीकडे देऊ. एवढंच म्हणाले असते आणि जेवायला बसवलं असतं. यांना तुम्ही ओळखलंच नाहीत.

आता काय झालं ते ऐका. सांधा मी स्वतः उकलला. कथिल सगळं खरवडून काढलं. यांच्याच चांदीचा डाख मी घातला. पहिल्यांदा माझीही वाहून गेली. दुसऱ्यांदा धरली. बाबलीने शंभर पौंडांवर अर्धा तास ठेवून बघितला, थेंब आला नाही. तुम्हाला हवं तर त्याला जाऊन विचारा.

एक तारखेला तुम्ही यायचं. फाटकाला कुलूप नसेल. हे बसायचे तिथे, हिरव्याच्या मागे, मी पाट मांडून ठेवीन, आणि त्यावर तुम्ही बसायचं. दिवा मी लावणार. पन्नास पौंड होईपर्यंत आणि सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत उठायचं नाही. बॉयलर पक्का आहे, तेव्हा तुम्हाला काही होणार नाही. यांनी नऊ वर्षं केलं ते तुम्ही एकदा करा. मग दीर म्हणून घरात या, कपाटातलं हवं ते न्या, हिरवं न्या, मी अडवणार नाही.

नाही जमलं तर मला परत पत्र लिहू नका.

सुलोचना


धारगळ
४ ऑक्टोबर १९८७

वहिनी,

लिहू नका म्हणाला होतात, तरी लिहितो. हे एवढंच. यानंतर लिहिणार नाही.

काय झालं ते तुमच्या डोळ्यांसमोर झालं, वाड्यावरच्या सगळ्या पोरांसमोर झालं. मी का उठलो ते मात्र तुम्हाला कळलं नसेल. तुम्हाला काय वाटलं तेही मला ठाऊक नाही.

म्हापशाला बस बदलली तेव्हा मी ठरवून आलो होतो. आदल्या दिवशी शिरगावला जाऊन बाबलीला भेटलो. तो म्हणाला, असा डाख मी वर्कशॉपात बघितला नाही, काका, तुम्ही डोळे मिटून बसा. पाटावर बसलो तेव्हा मी तो सांधा स्वतः बघितला. चांदीची रेघ एका जाडीची, कुठे गाठ नाही. तसा डाख माझ्या हातून जन्मात झाला नसता. हे मी माझ्या हाताने लिहितो आहे.

तुम्ही दिवा लावलात. दहा पौंडांपर्यंत मी पोरांशी बोलत होतो. पंधरा झाले. अठ्ठ्याहत्तरनंतर पंधराच्या पुढे ते इंजिन मी कधी ऐकलेलं नव्हतं. वीसला आतून वेगळाच आवाज सुरू झाला. पक्का आहे, असं मी मनात म्हणत होतो. शंभरावर घेतलंय, असं म्हणत होतो. पंचवीसला मी उभा राहिलो. उभं राहायचं असं ठरवलं नव्हतं. माझं धोतर पाटात अडकलं तेव्हा मला कळलं की मी उभा आहे.

मी सरकलो आणि पोरांतली लाल रिबनवाली मुलगी माझ्या पाटावर येऊन बसली, कान पुढे करून. तुम्ही तिला हलवलं नाहीत. मी फाटकाकडे गेलो आणि तिथून बसपर्यंत चालत गेलो. मागे इंजिन सुटल्याचा आवाज आला, पोरं ओरडली. किती फेऱ्या झाल्या ते मला माहीत नाही.

घरी येऊन दारावरची पाटी काढली. त्याने काही होत नाही, हे मला कळतं. हिरवं नको, काहीच नको. तसा कागद करून पाठवीन.

तुम्ही पत्रात लिहिलं होतं, तुम्हाला ठाऊक होतं आणि यांना नव्हतं. त्यावर मी नऊ वर्षं मनाला एक उत्तर देत होतो, की स्प्रिंग बारीक आहे, काही होणार नाही, दादूने बसायला हरकत नाही. पक्क्या बॉयलरमागे, सगळं माहीत असताना, माझ्याने पंचवीस पौंडांपुढे बसवलं नाही. दादूला मी तिथे नऊ वर्षं बसू दिलं.

कृष्णनाथ